एकोणतिसाव्या रोजाचा चांद

कुणी भुताखेतांचं सांगू लागलं की मी सरळ उठून जाते. सगळी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात गेली... फळ्यावर चंद्राच्या कला काढून काढून बोटं पांढरी झाली. तरी हे लिहायला बसले आहे, कारण पाहिलेलं पाहिलं नाही असं मला म्हणता येत नाही.

निजामाचं राज्य होतं, चाळीसनंतरची वर्षं. जिंतूर तालुक्यात, चारठाण्याच्या अलीकडे आमची वाडी. मुसलमानाचं घर एकच — महमूदचाचांचं. त्यांचं शेत आमच्या बांधाला लागून.

माझा थोरला भाऊ बापू तेव्हा तालुक्याला हवालातीत होता. नाल्याकाठच्या सरकारी शिंदीची झाडं रात्रीतून कुणीतरी तोडली आणि पाटलानं बापूचं नाव दिलं. खरं तर त्या रात्री चाचांची म्हैस अडली होती. बापू, आमचे वडील आबा आणि चाचा उजाडेपर्यंत गोठ्यात तिच्यापाशी होते. आबांनी आणि चाचांनी कचेरीत पुकारा होताच हजर राहून एवढंच सांगायचं होतं. बापू सुटला असता हो!

पण तारीख पडली ती नेमकी ईदेच्या तोंडावर. कचेरीतल्या कारकुनानं, पेशकारानं बजावलं होतं — आदल्या संध्याकाळी चांद दिसला तर कचेरी बंद, सुट्टी संपल्यावर या. नाही दिसला तर सकाळी हजर. त्या राज्यात कचेरी, टपाल, सगळ्यांची कुलपं त्या चांदावर टांगलेली. आमच्याकडे पंचांग होतं, जोशीबुवा होते, पण त्यांना विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. सरकारच पंचांग मानत नाही तर ते बघून करायचं काय? चांदाचं चाचांना कळणार, आम्हाला काय कळतंय!

मुगाच्या शेंगा तोडायचे दिवस होते. दिवसभर आभाळ भरलेलं. दिवस बुडाला आणि मावळतीला ढग जरासा फाटला... आणि त्या फटीत कोर. बारीक, स्वच्छ. बांधावर आम्ही चौघं होतो — आबा, माय, मी आणि चाचा.

"आबा, चांद दिख्या!" चाचांनी दुव्याला हात उचलले. मायनं बीजेच्या चंद्राला वाहतात तशी पदराची दशी काढून वाहिली. मी हात जोडले.

"मग उद्या कचेरी न्हाई," आबा म्हणाले. "मूग भिजायलाय. उद्या शेंगा तोडून घेऊ, सुट्टी सरली की जाऊ."

"हौ. पोरगा दोन दिसांत घरी येतो बगा," चाचा म्हणाले. मायला त्या रात्री किती दिवसांनी झोप लागली.

सकाळी चाचांनी आंघोळ केली, नमाज पढली. त्यांच्या घरून आमच्याकडे शीरखुर्मा आला. दुपारी तालुक्याचा एक शिपाई पाटलाकडे निघाला होता. चाचांनी हौसेनं त्याच्यापुढे वाटी केली. तो दचकून मागे सरला.

"मियाँ, होश में हो? आज तीसवां रोजा है."

"चांद दिख्या ना रात को!"

"किसको दिख्या? कहीं नहीं दिख्या." मग त्यानं आबांकडे पाहिलं. "तुमीच का बापूचे वालिद? सकाळी पुकारा झाला. कोणीच न्हवतं."

वाटी चाचांच्या हातातच राहिली. तोंडात गेलेला घास त्यांनी बाहेर जाऊन थुंकला, पण रोजा तर मोडलाच होता. आबा बैलगाडी न जुंपताच तालुक्याच्या वाटेनं धावत सुटले. उपयोग काय? साक्षीला कुणी नाही म्हणून शिक्षा लागून गेली होती. बापूला परभणीच्या तुरुंगात नेलं आणि पावसाळा सरायच्या आत तिथं पटकी आली, त्यात तो गेला. आम्हाला त्याचं तोंडही बघायला मिळालं नाही.

नंतर जोशीबुवांनी पंचांग काढलं. त्या दिवशी चंद्र सूर्याच्या आधीच मावळला होता. म्हणजे आमच्याच काय, कुणाच्याच आभाळात तो असू शकत नव्हता. पुढे मीही सगळं तपासून पाहिलं — ढगाची कड, शुक्र, डोळ्यांचा भास. चौघांना एकच भास? आणि तोही नेमका त्याच संध्याकाळी? देवानं दाखवला म्हणावं तर अशा देवाला मी हात जोडणार नाही.

गावाला मात्र उत्तर लगेच सापडलं. मियाँनं चांद दाखवून पोराला अडकवलं! ज्या माणसानं स्वतःचा रोजा मोडला, त्याच्याबद्दल हे. मायनं दोनदा पारावर जाऊन सांगितलं, "म्याबी पाहिला." बाईमाणसाचं कोण ऐकतं?

पोलीस अ‍ॅक्शननंतर निजामाचं राज्य गेलं आणि मुसलमानांवर दिवस फार वाईट आले. चाचांनी गाडीत सामान भरलं. निघताना गाडी आमच्या दारात थांबवली. अर्धं गाव मागे उभं होतं.

"आबा, एक डाव बोला," चाचा म्हणाले. "तुमीबी देख्या ना चांद?"

आबांनी गावाकडे पाहिलं. "न्हाई," म्हणाले.

चाचांनी कासरा ओढला. गाडी नाल्याकडे वळली. मायनं त्या दिवसापासून आबांना ताट वाढलं, पण त्यांच्याशी बोलली नाही — शेवटपर्यंत.

तो चंद्र कुठून आला, कशासाठी आला, मला आजही सांगता येत नाही. विचारू नका. एवढंच लिहून ठेवते, की आम्ही चौघांनी तो पाहिला. आबांनीही पाहिला.