ओठांवरचं बोलणं

ह्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा मला सगळ्यांत जास्त राग आला तो ह्यांच्या कामावरच्या जोडीदाराचा. निजामपुऱ्यातल्या कारखान्यात दोघं वर्षानुवर्षं समोरासमोर कापड विणायचे लूम चालवत. तिथल्या खडखडाटात आवाज पोचत नाही, म्हणून सगळे नुसते ओठ हलवून बोलतात आणि समोरच्याचे ओठ बघून समजून घेतात. दिवसभर ह्यांचं बोलणं त्याच्याशी. वळ गावात घरी आले की मला हूं आणि हां.

दवाखान्यात ह्यांच्या गळ्याला भोक पाडून नळी घातली, ती श्वासाच्या मशीनला जोडली. शुद्ध आली, पण आवाज गेला. डॉक्टर मनगटातून रक्त काढून त्यातला कार्बन डायऑक्साइड बघत. तो वाढला तर मेंदूवर दाब येतो, फार उतरला तर मेंदूला रक्त कमी पडतं. तो मधोमध टिकला, श्वास शांत झाला, तरच मशीन निघणार होतं.

मी आत गेले की हे तळमळत, धापा टाकत. माझ्याकडे बघतही नसत. तो जोडीदार आत गेला की सगळं सुरळीत. नर्स कौतुकानं सांगायची, "भैया आले की पेशंट एकदम शांत असतो." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बायको मी, आणि ह्यांचं रक्तसुद्धा त्याचं ऐकणार. सवत असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

एका संध्याकाळी आत जायचा पास मी त्याला दिलाच नाही. एकटी गेले. ह्यांचे ओठ सारखे हलत होते, पुन्हा पुन्हा तेच काहीतरी. मला एक अक्षर कळेना. चिडून हे इतक्या जोरात श्वास घ्यायला लागले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड पार खाली आला. मशीन कमी करायचं त्या दिवशी ठरलं होतं, ते राहिलं.

बाहेर येऊन मला त्यालाच म्हणावं लागलं, "या, बघा काय म्हणतात ते." तोंड कडू झालं होतं.

नर्सनं दोघांना आत सोडलं. मी नेहमीसारखी ह्यांच्या डाव्या अंगाला, हात धरून. लग्नापासून बायकोची जागा तीच. तो उजवीकडे उभा राहिला. ओठ बघता बघता त्याचा चेहरा उतरला.

"काय म्हणतात?"

"भाभी, ते विचारतात, बायको कुठं हाय? तू रोज येतो, ती का येत न्हाय?"

नर्सनं डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी ह्यांच्या डावीकडे हात हलवला, टिचकी वाजवली. ह्यांना पत्ताच नाही. रक्तस्राव मेंदूच्या उजव्या बाजूला झाला होता, म्हणून डावीकडचं काही ह्यांच्या ध्यानात येत नव्हतं. मी धरलेला हातसुद्धा.

तो बाजूला झाला. मी त्याच्या जागेवर जाऊन उभी राहिले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि बघतच राहिले. मग ओठ हलले. मी त्याच्याकडे वळले, तर तो खिडकीकडे तोंड करून उभा.

"सांगा की."

"नहीं भाभी. ये आपके लिए है."

मी वाकले. "हळू बोला," मी म्हटलं, "मी बी शिकते."