मावशींना मीच कापलं

देवनारच्या कचऱ्याविरुद्धच्या तक्रारीच्या सुनावणीआधी आम्ही भेटलो तेव्हा अधिकारी म्हणाले होते, "सह्या कोणीही गोळा करतं. माणसं दाखवा." ठीक आहे, दाखवू. पण देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराला लागून राहणाऱ्या बायका मुलुंडच्या सभागृहात येणार कशा? दुपारी तीन ही त्यांची पाण्याची वेळ. सुनावणीही तीनलाच. ही वेळ कोण ठरवतं, हे विचारायचंसुद्धा आता मला त्राण नाही.

म्हणून त्या व्हिडिओ कॉलवर बोलणार आणि त्यांचे चेहरे भिंतीवर दहा फुटी दिसणार, असं ठरलं. त्यासाठीची स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरचा छोटा प्रोग्राम, मी लिहिली. कॉलवरची प्रत्येक चौकट घ्यायची, कडा छाटायच्या, मधला चेहरा मोठा करून प्रोजेक्टरवर सोडायचा. घाटकोपरला मैत्रिणीच्या घरी आम्ही चौघींनी चार लॅपटॉपवर तपासून पाहिलं.

"झकास ना यार!" मैत्रीण म्हणाली.

चौघी, चार लॅपटॉप. तिथेच माती खाल्ली.

देवनारहून एकच चौकट आली. एक फोन, पाच बायका. बोलणार होत्या त्या मावशी. दोन वर्षांचा खोकला आणि एक्स-रेची पिशवी घेऊन. पण सुनेच्या मांडीवर तान्हं होतं, म्हणून तिला पंख्यासमोर मधे बसवून मावशी कडेला सरकल्या होत्या.

भिंतीवर सून, तोंड मिटलेलं. आवाज मावशींचा. मधेच एक्स-रेचा कोपरा आत आला नि गेला.

"बोलतंय कोण?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"भूत!" मागून कोणीतरी ओरडलं. सभागृह हसलं.

मी घाईघाईने स्क्रिप्टमधले छाटणीचे आकडे बदलत होते. मावशींचा कान दिसला, मग अर्धा गाल. सबंध मावशी काही दिसेनात. "हे नोंदीत कसं घ्यायचं?" म्हणत अधिकारी पुढच्या विषयाकडे वळले. त्यांची चीड आली, खूप आली. पण छाटणारी ओळ माझी होती.

संध्याकाळी मावशींचा फोन. "दिसले का गं मी?"

खोटं बोलावंसं वाटलं. "नाही मावशी. माझ्या चुकीने कापल्या गेलात तुम्ही."

मावशींना खोकल्याची उबळ आली.

"पाण्याला नाही गेले गं आज."

मी ती ओळ काढून टाकली. त्या कॉलचं रेकॉर्डिंग परत चालवलं, तर आता पाचही जणी दिसतात, लहान लहान, मागे रिकामे हंडे. पुढची सुनावणीही तीनलाच ठेवली आहे. मावशींना अजून कळवलेलं नाही.