गाभा सासूबाईंचा, पान सासऱ्यांचं

माझे सासरे बोलत नसत. म्हणजे मुके नव्हते. विचारलं तर 'हं' म्हणत, फारच अंगाशी आलं तर 'बघू' म्हणत. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकतंय. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस. मला मागणी घालायला आले तेव्हासुद्धा त्यांचा भाऊ बोलला. हे आपले खिडकीबाहेर बघत बसले होते." कारखान्यात सगळे त्यांना मौनीबुवा म्हणत. त्या नावाने हाक मारली की ते मान वर करत, त्यामुळे नाव त्यांना मान्य असावं.

आम्ही तिघंही एकाच सिगारच्या कारखान्यात होतो. माझा नवरा तेवढा त्यातून सुटला. त्याचं तंबाखूच्या वासाने डोकं उठतं, म्हणून तो ट्रक चालवतो आणि दिवसभर डिझेलचा वास घेतो.

हाताने सिगार वळायचं काम जोडीनं चालतं. एकजण आतली पानं मुठीत जुळवून गाभा करतो, त्याभोवती एक साधं पान गुंडाळतो आणि लाकडी साच्यात दाबून ठेवतो. दुसरा तो बाहेर काढून त्यावर वरचं पान चढवतो आणि डिंकाने टोक बंद करतो. वरचं पान रेशमासारखं तलम असतं, गिऱ्हाईक त्याच्यावर भाळतं. पण ओढायचा असतो तो गाभा. तो घट्ट झाला तर ओढणाऱ्याचे गाल आत जातात आणि धूर काही येत नाही. सैल झाला तर भसाभस जळतो, जीभ भाजते. आमच्याकडे गाभा सासूबाईंचा आणि पान सासऱ्यांचं. लग्नाच्या आधीपासून दोघं एकाच टेबलावर बसत. किंबहुना टेबल एक होतं म्हणूनच लग्न झालं.

सासूबाईंच्या नाकावर राग, आणि नाकावरून तो थेट बोटांत उतरायचा. सकाळी घरात खटका उडाला की त्या दिवशीचे गाभे काठीसारखे. सासरे पहिलाच गाभा दोन बोटांत दाबून बघायचे आणि आपल्या कॉफीचा पेला मुकाट्याने त्यांच्याकडे सरकवायचे. हळूहळू गाभे मऊ यायला लागायचे. शेजारच्या टेबलावरचे म्हणायचे, "झाला बघा समेट!" असा तो संसार चालला होता, आणि चांगला चालला होता.

मी चिकटवायच्या खोलीत. तयार सिगारवर कागदी पट्टी लावायची आणि पेटीत रचायचे. ही पट्टी म्हणे खानदानी बायकांच्या पांढऱ्या हातमोज्यांना डाग पडू नयेत म्हणून निघाली. दुसरे म्हणतात, नकली माल ओळखता यावा म्हणून. मला दुसरं पटतं. कारखानदाराला कुणाच्या हातमोज्यांची काळजी असते, असं मी तरी कधी पाहिलं नाही.

रोज प्रत्येक टेबलावरचा एक सिगार ओढून बघणारा एक माणूस होता. आम्ही त्याला धूरमास्तर म्हणायचो. भेटेल त्याला तो शिकवायचा: ज्योत पानाला टेकू द्यायची नाही, धूर गिळायचा नाही, तोंडात घोळवायचा, राख झटकायची नाही, तिला वाटेल तेव्हा ती पडते. राख झटकणाऱ्या माणसाला मुलगी देऊ नये, असंही तो म्हणायचा. त्याला स्वतःला कुणीच दिली नव्हती.

कामगाराने आपल्या टेबलावरचा एक सिगार रोज घरी न्यावा, अशी आमच्याकडे रीत. पानाला भोक पडलेला, टोक वाकडं झालेला, असा विकता न येणारा न्यायचा. संध्याकाळी दाराच्या पायरीवर बसून सासू-सासरे तो एकच सिगार दोघांत ओढत. सुरुवातीचा सौम्य भाग सासूबाईंचा, शेवटचा कडक सासऱ्यांचा. तेवढा वेळ आम्ही त्यांना हाक मारत नसू.

मग सासूबाईंच्या बोटांचे सांधे सुजायला लागले. त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. पण गाभे मधेच पोकळ यायला लागले. पान चढवणाऱ्यापासून ते कसं लपणार? जेवणाच्या सुट्टीत सासूबाई डबा घेऊन माझ्याकडे यायच्या. सासरे पूर्वी बरोबर यायचे, ते येईनासे झाले. भूक नाही म्हणे. एकदा मी बोलवायला गेले, तर ते सिगार वळायच्या रिकाम्या दालनात एकटे बसून साचे उघडत होते. सासूबाईंचे गाभे सोडायचे, पानं पुन्हा जुळवायची, पुन्हा दाबून साचा बंद करायचा. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. त्या माणसाने मला गप्प राहायला सांगावं!

धूरमास्तरला पहिल्याच झुरक्यात कळलं होतं. "बाईंचा हात नाही हा," तो मला म्हणाला, "पण माझी जीभ हल्ली जरा बिघडलीये, लिहून काय ठेवणार?" हळूहळू सगळ्या दालनाला कळलं, आणि सगळं दालन मूग गिळून बसलं.

मला मात्र हे खोटं सोसवत नव्हतं. एकदा मी सासूबाईंना आडून म्हटलं, "आई, आता माझ्या खोलीत या ना. बसून पट्ट्या लावायच्या, हाताला आराम."

त्यांनी सुजलेली बोटं मांडीत लपवली. मग म्हणाल्या, "हाताचं काही नाही गं. पण टेबल सुटलं तर आमच्यात उरतं काय? घरात हा माणूस किती बोलतो ते तू बघतेसच. तिथे निदान माझ्या हातातलं त्यांच्या हातात जातं. ते थांबलं की आम्ही एका घरात राहणारी दोन माणसं, बस."

सासरे उपाशी राहून काय सांभाळत होते, ते मला त्या दिवशी कळलं.

त्यांनी सगळी काळजी घेतली होती. घरी आणायचा सिगार मात्र ते न सुधारलेल्या गाभ्याचाच आणत, म्हणजे पायरीवर सासूबाईंना आपल्याच हातचा गाभा ओळखू यावा. एका संध्याकाळी घाईत गफलत झाली आणि खिशात सुधारलेला आला.

मी दाराशी कपड्यांच्या घड्या घालत होते. सासूबाईंनी पहिला झुरका घेतला, धूर तोंडात धरला, सोडला. दुसरा घेतला. मग सिगार डोळ्यांसमोर धरून म्हणाल्या, "हा कुणी केला?"

"तू," सासरे म्हणाले.

"हा छान आहे."

सासरे रस्त्याकडे बघू लागले.

"अहो, माझे आता भसाभस जळतात. रोज इथे बसून जीभ भाजते माझी. मी आपली समजूत घालत होते, की घरी आणायला तुम्ही सगळ्यात बिघडलेला निवडता, बाकीचे बरे असतील." त्यांचा आवाज अडखळला. "डबा खायला का येत नव्हतात, ते कळलं मला."

बिघडलेला माल देऊन पकडले गेलेले पुष्कळ पाहिले. चांगला देऊन पकडला गेलेला हा एकच. सासऱ्यांनी 'बघू'सुद्धा म्हटलं नाही. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. सिगार त्यांनी नवऱ्याच्या हातात दिला आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच मुकादमाकडे गेल्या आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. सुनेच्या हाताखाली सासू! खोलीतल्या बायकांना हसू आवरेना. त्यांच्या पट्ट्या तिरक्या जायच्या, मी सरळ करून द्यायचे, आणि त्या म्हणायच्या, "मिरवून घे, तुझे दिवस आहेत." पण लक्ष सगळं दाराकडे.

"माझ्या जागेवर कोण बसलंय?"

"कुणी नाही. मुकादम जोडीदार देत होता, बाबा नको म्हणाले. दोन्ही कामं एकटेच करतात. माल निम्मा होतो."

"जेवायला उठतात का?"

मी त्यांच्या हातातली तिरकी पट्टी सरळ करायला घेतली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, दार उघडून सासरे आत आले. बोटांना डिंक, हातात डबा. सगळ्या बायकांचे घास हातातच राहिले. ते सासूबाईंसमोर येऊन उभे राहिले.

"आज पानं जास्त ओली आली," ते म्हणाले.

"मग?"

"वाळत टाकली."

"बरं."

सासरे हलले नाहीत. कपाळावर घाम दिसत होता. "धूरमास्तर शिंकला," ते म्हणाले. "तोंडातला सिगार उडून शेजारच्याच्या डब्यात पडला. पेटलेला."

सगळी खोली खो-खो हसली. सासूबाई हसल्या नाहीत. त्या नवऱ्याकडे टक लावून बघत होत्या.

"एवढंच सांगायला आलात?"

"हो," सासरे म्हणाले. "तिथे सांगायला कुणी नाही."

सासूबाईंनी सुजलेल्या हातांनी पेट्या बाजूला सारल्या आणि शेजारचं स्टूल ओढलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "आणि नीट पहिल्यापासून सांगा. शिंकायच्या आधी काय झालं?"