तिसऱ्या ओळीखालची अंगठी

देवळातल्या सकाळच्या मिस्सेचं वाचन वहीत उतरवायला बसले होते, पण मनात एव्हारिस्तोच आहे, तर त्याच्याबद्दलच लिहिते. देव रागावणार नाही.

एव्हारिस्तो आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. त्याच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातांवर धरलं, तेव्हापासून मी त्याची कोमारे आणि तो माझा कोम्पारे. नावाने हाक आम्ही मारतच नाही. तीस वर्षं तो दगड कापायच्या कारखान्यात होता. तिथल्या करवतीच्या आवाजाने त्याचा डावा कान पूर्ण नेला आणि उजवा अर्धा. प्रार्थनासुद्धा तो इतक्या मोठ्याने म्हणतो की एकदा फादरच त्याला म्हणाले, "एव्हारिस्तो, देवाला ऐकू येतं."

त्याची बायको नीव्हेस. चार वर्षांपासून तिची आठवण उसवत चालली आहे. आधी मिठाचा डबा कुठे असतो ते गेलं, मग मुलगी तोरिनोला राहते ते. गेल्या सप्टेंबरात समुद्रावर, किनाऱ्यावर भाड्याने छत्र्या लावणाऱ्या साव्हेरिओच्या तिसऱ्या ओळीत बसली असताना तिच्या बोटातली लग्नाची अंगठी गळून पडली. बाई वाळली होती, अंगठी सैल झाली होती. आतून दोरा गुंडाळू या असं मी म्हणाले होते, ते राहून गेलं. फादरपुढच्या कबुलीजबाबात ते दोनदा सांगून झालंय, तरी मनातून जात नाही.

आमची वाळू काळी, लोखंडाच्या कणांची. चुंबक फिरवलं तर त्याला दाढी फुटते. त्या वाळूत दिवस मावळेपर्यंत सगळ्यांनी हात घातले. अंगठी पातळ, नवख्या कामगाराच्या पगारातली. मिळाली नाही.

बाकी सगळं विसरलेली नीव्हेस हे मात्र विसरेना. रोज सकाळी रिकामं बोट पुढे करायची, "माझी अंगठी?" एव्हारिस्तोने सांगितलं की शोधतोय, तरच दुधात पाव बुडवून खायची. नाहीतर तोंड मिटून बसायची, अगदी दुपार होईपर्यंत. म्हणून त्याने धातू शोधायचं यंत्र घेतलं, आणि हिवाळाभर ऊन असो, झोंबरा वारा असो, तिसऱ्या ओळीच्या जागेवर फिरत राहिला. बाटल्यांची झाकणं निघाली, खिळे निघाले, एक काटा निघाला. अंगठी नाही.

ईस्टर जवळ आला तशी त्याची झोप उडाली. हिवाळ्यात साव्हेरिओ लाटा अडवायला वाळूचा बांध घालतो आणि ईस्टरनंतर यंत्र लावून तोच बांध किनाऱ्यावर पसरतो. बुधवारी ते वाळू पसरायचं यंत्र येणार होतं. मग तिसऱ्या ओळीवर आणखी हातभर वाळू. तेवढ्या खोलवरचं कुठलंच यंत्र ऐकत नाही.

पवित्र शनिवारी, ईस्टरच्या आदल्या सकाळी मी त्यांच्याबरोबर गेले. नीव्हेसला घोंगडीत गुंडाळून खुर्चीवर बसवलं. ईस्टरपर्यंत वाजवायच्या नाहीत म्हणून गुरुवारपासून देवळाच्या घंटा बांधलेल्या, गाव गप्प, आणि त्या शांततेत एव्हारिस्तोचं यंत्र वेड लागल्यासारखं किरकिरत होतं.

साव्हेरिओ आपल्या लाकडी खोलीला रंग देत होता. तो ओरडला, "काय हो एव्हारिस्तो, झाकणांचं दुकान टाकताय का?"

"तुझ्याच गिऱ्हाइकांची झाकणं आहेत! ये, वेचून घे!"

साव्हेरिओ ब्रश ठेवून आला. तरुणपणी तोही असंच यंत्र घेऊन फिरायचा. त्याने यंत्राच्या दांडीवर नजर टाकली आणि कपाळाला हात लावला. "ताकदीचं बटण शेवटपर्यंत पिळलंय!"

"मग? खोल जायचंय ना मला!"

"अहो, ही काळी वाळू. हिच्यावर जेवढं ओरडाल तेवढी ही उलट ओरडते, आणि त्या कालव्यात खालची वस्तू ऐकूच येत नाही. ताकद निम्म्याखाली आणा, मग खोल जाल."

"बहिऱ्याला सांगतोय आवाज कमी कर म्हणून," एव्हारिस्तो माझ्याकडे बघून म्हणाला. "ऐकलंस कोमारे?"

"तू ऐक आधी, कोम्पारे," मी म्हटलं.

साव्हेरिओ आणखी एक बटण बघत होता. "हे काय, गाळणी कशाला लावली?"

"सिगारेटच्या पाकिटातला तो चंदेरी कागद! खणून खणून कंबर मोडली. त्याचा आवाज बंद करून टाकला."

साव्हेरिओने ते बटण अंगठ्याने पुसलं. मग खाली बघत म्हणाला, "पातळ सोनं आणि तो कागद, यंत्राच्या कानाला दोन्ही सारखेच. तुम्ही कदाचित शंभर वेळा तिच्यावरून गेला असाल."

एव्हारिस्तो मट्‌कन वाळूत बसला. सहा महिने. मी त्याच्या कोटाची वाळू झटकत राहिले.

साव्हेरिओनेच यंत्र जमवलं. गाळणी काढली, ताकद उतरवली. मग जिथे काही नाही अशा वाळूवर यंत्राच्या टोकाची तबकडी वरखाली हलवत, वाळूचा स्वतःचा आवाज बसेपर्यंत बटण थोडं थोडं फिरवलं. किरकिर थांबली. "आता सावकाश, वाळूला घासून. फिरवलेल्या पट्ट्यावर निम्मा पट्टा पुन्हा घ्या. जोरात वाजेल ते वरचं. खोलवरचं अगदी हळू बोलतं."

"मग ते मला काय ऐकू येणार?" एव्हारिस्तो म्हणाला. एवढ्या हळू बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

म्हणून यंत्राचे कानावरचे फोन मी लावले. डोक्यावरच्या रुमालावरूनच. तो यंत्र फिरवायचा, मी बोटाने थांबवायचे. झाकण, कागद, पुन्हा कागद. आता सगळंच खणायचं होतं. मनात जपमाळ चालू होती. दुसरी माळ संपत आली तेव्हा आवाज आला, भिंतीपलीकडच्या घरात कुणी कपात चमचा फिरवावा एवढाच. मी बोट वर केलं. तबकडी परत आणली, पुन्हा तोच.

वीतभर खणलं, काही नाही. आणखी चार बोटं. साव्हेरिओच्या चाळणीत काळी वाळू झरून गेली आणि जाळीवर अंगठी राहिली.

एव्हारिस्तोने ती उचलली. अंगठी तोंडात धरून साफ केली, शर्टाला पुसली आणि नीव्हेसच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसला. "नीव्हे, ही घे. सापडली."

तिने अंगठी उजेडात धरली. आत कोरलेलं अक्षर अक्षर जुळवून वाचलं. "ए-व्हा-रिस-तो." मग माझ्याकडे वळली. "कुणातरी बाईच्या नवऱ्याचं नाव आहे. बिचारी शोधत असेल."

"तुझीच आहे गं," मी म्हटलं.

"माझी?" ती हसली, लहान मुलाची चूक सांगावी तशी. "माझी नवी आहे, चकचकीत. ही म्हातारीची." आणि एव्हारिस्तोला म्हणाली, "तुम्ही भले गृहस्थ दिसता. देवळाच्या दारावर चिठ्ठी लावा. परक्याचं सोनं ठेवू नये."

साव्हेरिओ रंगाच्या डब्याकडे निघून गेला.

एव्हारिस्तोने खूप सांगून पाहिलं. बोटात घालू गेला तर तिने मूठ आवळली आणि रडू लागली. शेवटी संध्याकाळी त्याने चिठ्ठी लिहिली, कारण नीव्हेसला ती लिहिलेली बघायची होती. 'लग्नाची अंगठी सापडली आहे. जिची असेल तिने न्यावी.' खाली आमच्याच इमारतीचा पत्ता. रोज मिस्सेला जाताना मी ती देवळाच्या दारावर वाचते. फादरनी विचारलं नाही आणि काढलीही नाही. अंगठी एव्हारिस्तोच्या पाकिटात आहे.

बुधवारी बांध पसरला. आज गुरुवार. बाजारातून येताना पाहिलं तर सपाट वाळूवर तो यंत्र फिरवत होता. मी खाली उतरले.

"कोम्पारे, आता काय शोधतोस?"

"सकाळी तिने बोट पुढे केलं," तो म्हणाला. "शोधतोय म्हटलं, तेव्हा कुठे पाव खाल्ला. ती खिडकीतून बघत असते, कोमारे. यंत्र हातात नसलं तर तिला कळतं."

यंत्र चालूही नव्हतं. मी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि त्या ओळीच्या टोकापर्यंत त्याच्याबरोबर चालले.