हिरवी पट्टी

सोळा वर्षं मी कॅज्युअल्टीत काढली. आदिलाबाद जिल्ह्यातल्या आमच्या दवाखान्यात जुलाबांनी सुकलेलं लेकरू आलं आणि त्याची शीर सापडेना, की डॉक्टर म्हणायचे, मोठ्या सिस्टरला बोलवा. मोठी सिस्टर म्हणजे मी. ते शब्द कानावर पडले की मला फार बरं वाटायचं.

मग ती नवी सिस्टर आली, बोथहून. तिशीही ओलांडली नव्हती. घरचा भाजीचा मळा. आई बोथच्या बाजारात वांगी-मिरच्या घेऊन बसायची. शेजारी गोंड बाया डिंक घेऊन बसत, त्यांच्या मुलींबरोबर खेळून ही गोंडी बोलायला शिकली होती. आमचं घर वेगळं. आजोबा तहसिलीत कारकून, वडील मास्तर. घरात मराठी, शाळेत तेलुगू, बाहेरच्यांशी हिंदी. गोंडी शिकावी असं आमच्याकडे कुणाला सुचलंही नाही.

पहिल्याच आठवड्यात, मला दोनदा न सापडलेली एका लेकराची शीर तिनं एका झटक्यात धरली. सुई टोचताना ती त्याच्याशी काहीतरी बोलत होती आणि ते रडायचं थांबून तिच्याकडे बघत होतं. डॉक्टर हसून म्हणाले, आता मोठ्या सिस्टरला थोडा आराम मिळेल. मीही हसले. घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

पुढे मी जे केलं ते लहान लहान होतं, म्हणून कुणाला दिसलं नाही. ड्युटीची यादी माझ्या हातात होती. मी तिला ड्रेसिंगच्या खोलीत टाकलं, मग सामानाच्या कपाटावर. बारीक सुयांचा डबा कुठे असतो ते मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी दाखवते. तिला दाखवला नाही. तिनं तो आपला आपण शोधला आणि तक्रार केली नाही. त्याचाही मला राग आला.

पावसाळ्यातली एक सकाळ होती. नाव नोंदवायच्या टेबलावर मी होते. आलेल्या माणसाला बघून मनगटाला पट्टी बांधायची: लाल म्हणजे आत्ता, पिवळी म्हणजे थोड्या वेळानं, हिरवी म्हणजे बसू दे. मोटारसायकलवरून पडलेले दोघे रक्तबंबाळ होऊन आले होते, त्यांच्यामागे एक गोंड बाई नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून आली. नवऱ्याला मोडकं तेलुगू येत होतं. पहाटेपासून पोट दुखतंय, एकदा उलटी झाली, एवढं त्यानं सांगितलं. मी बाईला तेलुगूत विचारलं, तिनं नवऱ्याकडे बोट दाखवलं. नाडी ठीक, ताप नाही. काल उरलेलं खाल्लं असेल असं मी धरलं, हिरवी पट्टी बांधली आणि बाकावर बसवलं.

बोथची ती सिस्टर कपाटातून गॉजचे गठ्ठे घेऊन चालली होती. बाकापाशी थांबली, बाईशी गोंडीत दोन शब्द बोलली, मग गठ्ठे खाली ठेवून तिच्यापुढे बसली आणि तिची हनुवटी वर केली. लगेच माझ्याकडे आली.

"ताई, पापन्या उचलता येऊन नाही राह्यल्या तिले. रातच्याला जमिनीवर झोपली होती म्हनते. गळा बी दाटून राह्यला."

मी म्हणाले, "चावल्याची खूण नाही कुठे."

"मन्यार सापाची खूण दिसत नाही, ताई."

हे मला माहीत होतं. नव्या मुलींना मीच शिकवलं होतं. मी उठले, बाईला वर बघायला सांगितलं. तिच्या पापण्या अर्ध्यावरच राहिल्या. मी हिरवी पट्टी कात्रीनं कापली, लाल बांधली आणि डॉक्टरांना हाक मारली. विषावरचं औषध सुरू झालं. अर्ध्या तासात तिचा श्वास मंदावला आणि घशात नळी घालावी लागली. बाकावर राहिली असती तर बसल्या बसल्या गेली असती.

दुपारी डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, की खूण नसताना मण्यार ओळखायला सोळा वर्षांची नजर लागते. लाल पट्टी माझ्या हातानं बांधलेली होती, केसपेपरवर सही माझी होती. ती तिथेच उभी होती, बाईच्या नळीकडे बघत. मी ती शाबासकी ठेवून घेतली.

दोन दिवस मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी चहाच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, "तू काऊन नाही सांगितलं डॉक्टरले?"

ती कप विसळत होती. "तुमी सांगसान वाटलं," म्हणाली. कप पालथा घालून म्हणाली, "आन् तुमी यादी करता, ताई. मले कपाटातच राहा लागलं असतं."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. काय चाललंय ते तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं आणि ती ते निभावून नेत होती. मला इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती.

त्याच दुपारी मी हेड सिस्टरकडे गेले. हिरवी पट्टी मी बांधली होती आणि ओळखलं तिनं, हे रजिस्टरात लिहून दिलं. हेड सिस्टरनं वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं की हे तिसऱ्या दिवशी का. मी खरं सांगितलं: ती माझ्यापेक्षा चांगली आहे हे मला सहन होत नव्हतं. डॉक्टरांनाही मीच सांगितलं. ते मान हलवून दुसऱ्या पेशंटकडे वळले.

महिनाभरात टेबलावरची ड्युटी तिला मिळाली. यादी मीच केली होती, तरी तिचं नाव लिहिताना पेन अडलं. फक्त गोंडी येणारं कुणी आलं तर काय विचारायचं, त्याचा कागद आम्ही दोघींनी मिळून टेबलावर चिकटवला. प्रश्न माझे होते, गोंडी तिची.

मण्यार चावलेली ती बाई त्याआधीच, आठव्या दिवशी, चालत घरी गेली. निघताना तिनं हिचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ काहीतरी बोलली. मी शेजारीच डिस्चार्जचा कागद घेऊन उभी होते. काय म्हणाली ते मी विचारलं नाही. अजूनही कधी कधी विचारावंसं वाटतं, आणि मग वाटतं, ते तिचं तिच्यापाशीच राहू दे.