न्हाणीतला शंकरपाळ्यांचा पत्रा

तुमच्याकडे न्हाणीघरात रबराची चटई असते. आमच्या शिरूरच्या घरात लोखंडी पत्रा होता, कारखान्याच्या जिन्यांवर बसवतात तसा, पाय सरकू नये म्हणून वर उठावाची तिरपी नक्षी असलेला.

तो आला तुमच्या पणजींमुळे. माझ्या सासूबाई एकदा शहाबादी फरशीवर घसरल्या. हाडं शाबूत राहिली, पण तुमच्या आजोबांनी फर्मान काढलं, आई एकटी आंघोळीला जाणार नाही. रोज सकाळी मी दाराशी उभी. त्यांना तो पहारा मुळीच सोसेना. आतून विचारायच्या, "ऐकतीयास न्हवं? अजून जित्ती हाय मी."

आजोबा रांजणगावला एका कारखान्यात मशिनींची देखभाल पाहायचे. त्यांनीच फॅब्रिकेशनवाल्याकडून मापाचा तुकडा कापून आणला, कडा घासून घेतल्या आणि फरशीवर पक्का बसवला.

"शंकरपाळ्या कापल्यात जनू," सासूबाई म्हणाल्या.

"चेकर्ड प्लेट म्हणतात याला, आई. यावरून माणूस घसरत नाही. थोडे दिवस बघू, मग जा खुशाल एकटी."

सासूबाईंनी पत्र्याला जिवापाड जपलं. लोखंड म्हणजे त्यांच्या लेखी तवा. घासायचा, पुसायचा आणि गंज चढू नये म्हणून वरून तेलाचा हात फिरवायचा. तसा त्यांनी शनिवारी फिरवला. रविवारी सकाळी आजोबा खांद्यावर पंचा टाकून आत गेले, आणि धपकन आवाज आला.

"आई, पत्र्याला तेल कोणी लावलं?"

"म्या. तूच म्हनलास, हितं मानूस घसरत न्हाई."

"काढूनच टाकतो आता हा."

सासूबाईंचा चेहरा उतरला. पत्रा गेला की पहारा कायमचा. त्यांनी माझ्याकडून धुण्याचा सोडा मागून घेतला, पत्रा खसाखसा घासला, भरपूर पाणी ओतलं आणि ओल्या पायांनी, भिंतीला हातही न लावता, त्यावरून फिरून दाखवलं.

"आता सांग. ह्या पत्र्यावं कोन पडलं? मी का तू?"

"मी," आजोबा कंबर चोळत म्हणाले.

"मंग सुनंनं कुनाच्या दाराशी उभं ऱ्हायचं?"

आजोबा माझ्याकडे बघू लागले. मी चहाचं आधण ठेवायला आत गेले.

सोमवारी सासूबाई एकट्या न्हायल्या, आणि इतक्या निवांत न्हायल्या की आजोबांची कंपनीची बस चुकली.