हिंगणीची मामी आणि सुदानचे विद्यार्थी

वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात परदेशी विद्यार्थी टिकले ते एका बाईमुळे, आणि ती बाई म्हणजे चौथीही न शिकलेली माझी मामी, हे मी कोणत्याही कुलगुरूंसमोर छातीठोकपणे सांगेन. मी तिथे प्रवेशाच्या खिडकीवर कारकून होतो. मामीची हिंगणीला भाजीची वाडी. सकाळच्या एसटीने ती टोपल्या घेऊन बाजाराला यायची आणि वाटेत माझ्या खिडकीत डोकावून साहेबाच्या आवाजात विचारायची, "यंदा किती पोट्टे झाले?" माणसांची नावं लक्षात ठेवणं तिला मान्य नव्हतं. प्राचार्य फक्त दोडके घ्यायचे, म्हणून ते 'दोडके'. ग्रंथपाल 'पावभर मिरच्या'. भाषेची अडचण तर तिला ठाऊकच नव्हती. समोरचा कोणत्याही देशाचा असो, ती वऱ्हाडीच बोलायची, फक्त जरा मोठ्याने.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुदानहून पहिला विद्यार्थी आला. उंच, अबोल. रस्त्यात लोक थांबून त्याच्याकडे बघायचे, मेसच्या तिखटाने त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. दिवाळीत वसतिगृह रिकामं झालं आणि त्याने कॉलेज सोडण्याचा अर्ज माझ्यापुढे ठेवला. मामी नेमकी खिडकीशी उभी होती.

"काऊन चालला रे हा?"

"करमत नाही त्याला, मामी."

"मंग तो कागद चार दिस दाबून ठेव. याले हिंगणीले न्या लागते."

मी नियमांच्या पुस्तकाकडे बघितलं, मामीकडे बघितलं आणि कागद दाबला. तिने त्याच्या हातात रिकाम्या टोपल्या दिल्या आणि त्याला एसटीत बसवलं.

वाडीतली भेंडी बघून तो पहिल्यांदा आपणहून बोलला. त्याची आईही भेंडी लावायची, चकत्या उन्हात वाळवून, कुटून रश्श्यात घालायची. त्याने मामीच्या अंगणात तसंच केलं आणि मामीने जन्मात पहिल्यांदा बिनमिरचीचा रस्सा रांधला. "लय मस्त झाला, पण कोनाले सांगजो नको," ती मला म्हणाली. पाचव्या दिवशी तो खिडकीशी आला, अर्ज मागून घेतला, फाडला आणि म्हणाला, "मी नाई जाऊन राह्यलो." मी हसलो, मग तोही हसला.

पुढच्या वर्षी त्याच्या गावचे दोघे आले, मग त्यांचे भाऊ, मित्र. स्नेहसंमेलनात प्राचार्यांनी याचं श्रेय कॉलेजच्या लौकिकाला दिलं. मंडपाच्या मागे उभी असलेली मामी म्हणाली, "म्हनू दे दोडक्यायले."

नव्वदनंतर मात्र संख्या घटत गेली. कोणी पुण्याला जाऊ लागले, कोणाच्या देशातच कॉलेजं निघाली. एका जूनमध्ये यादीत परदेशचं एकही नाव नव्हतं. मामीला खिडकीतून हे सांगणं मला जमेना, म्हणून दुपारी मीच बाजारात गेलो.

"एकही नाई?"

"नाही, मामी."

तिने हातातला तराजू खाली ठेवला. "मायजवळ राहून शिकत असतीन तं चांगलंच हाय," म्हणाली. मग हळूच विचारलं, "सुदान कोन्या बाजूले हाय रे?"

इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. मी पश्चिमेकडे हात केला. तिने बसायचं पोतं उचललं, फिरवून अंथरलं आणि तिकडे तोंड करून भाजी विकायला बसली. ऊन उतरलं तसं थेट तिच्या डोळ्यांवर येऊ लागलं, पण ती काही हलली नाही.